इ.स.पू. ४१६ : अथेन्स ते ऑलिंपिया. कादंबरीतला प्रवास जरा तपासून द्याल का?

दगडफूल

नमस्कार मंडळी. चार वर्षं वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

एक ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतलीये. काळ इ.स.पू. ४१६, म्हणजे ज्या वर्षी अथेन्सचा पुढारी अल्सिबायडीस याने ऑलिंपियाच्या रथशर्यतीत एकदम सात रथ उतरवले होते ते वर्ष. अथेन्सच्या केरामेइकॉस भागातल्या, म्हणजे कुंभारवाड्यातल्या, एका श्रीमंत मालकाचा मुलगा खेळ बघायला आणि जमलं तर माल विकायला निघतो, एवढीच गोष्ट. प्रवासवर्णनाच्या अंगाने जायचंय. पहिल्या प्रकरणाचा तुकडा देतेय, चुका सांगा, निर्दयपणे सांगितल्या तरी चालेल.

"निकोसने रिकिबीत पाय अडकवला आणि घोड्यावर टांग टाकली. मागून त्याचा नोकर सामान घेऊन येत होता. दोन तासांत अथेन्स मागे पडलं. दुपारी एका खानावळीत त्याने टोमॅटोच्या रश्श्यातलं मटण आणि वर लिंबू पिळलेली काकडी मागवली, खिशातून नाणी काढून टेबलावर टाकली आणि पुन्हा घोडा दामटला. मेगारा, कोरिंथ करत तो एपिडॉरसला पोचला तेव्हा तिथल्या भव्य नाट्यगृहात नाटक रंगात आलं होतं. चौथ्या दिवशी मेगॅलोपोलिस ओलांडून त्याला दिसली ती ऑलिंपियाची शुभ्र संगमरवरी देवळं."

घ्या, आता सोला.

चिमटा

टोमॅटो. इ.स.पू. ४१६. टोमॅटो.

कोलंबसाला दोन हजार वर्षं आधीच पाठवलंत का? बाकी निर्दयपणे सांगा म्हणालात म्हणून, नाहीतर मी खूप मवाळ माणूस आहे.

पितळी

ताई, धाडस आवडलं. पण हा तुकडा म्हणजे अनॅक्रॉनिझमची, त्या काळात नसलेल्या गोष्टींची, मिसळ झालीये, तर्री-पाव सगळं आलंय. जमेल तसं लिहितो, क्रम लावत बसत नाही.

रिकीब नव्हती. खोगीरही आपल्या अर्थाने नव्हतं, फार तर पाठीवर कापड. घोड्याला नालही नसायचे. आणि मुख्य म्हणजे घोडा ही भयंकर महाग गोष्ट, आज कोणी खासगी विमान बाळगावं तसली, त्यामुळे कुंभाराचा मुलगा, कितीही पैसेवाला असला तरी, चालत जाणार, फार तर सोबत सामानाला गाढव किंवा खेचर.

खिसा नाही. त्यांच्या कपड्यांना खिसेच नव्हते. सुटी नाणी लोक तोंडात ठेवायचे, गालात किंवा जिभेखाली, विनोद करत नाहीये, तेव्हाचा विनोदी नाटककार ॲरिस्टोफेनिस, त्याच्या नाटकात एक म्हातारा ज्युरीचे तीन ओबोल तोंडात घेऊन घरी येतो आणि मुलगी लाडेलाडे पप्पा पप्पा करत जिभेने ते काढून घेते. सहा ओबोलचा एक द्राख्मा, आणि त्या शतकाच्या शेवटी बांधकामावरच्या कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राख्मा. घुबडवालं जे प्रसिद्ध नाणं आहे ते चार द्राख्मांचं, सतरा ग्रॅमच्या वर चांदी त्यात, ते कोणी रस्त्यावरच्या खानावळीत टेबलावर भिरकावत नाही हो.

दोन तास वगैरे काढून टाका. सामान्य माणूस तासांत मोजत नव्हता, सावलीची लांबी बघायचा. एका नाटकात जेवायला येण्याची वेळ चक्क 'सावली दहा पावलं झाली की' अशी दिलीये.

एपिडॉरसचं ते नाट्यगृह पुढच्या शतकातलं, तेव्हा तिथे नुसती टेकडी. मेगॅलोपोलिस तर वसलंच नव्हतं, अजून चाळीसेक वर्षं थांबा. ऑलिंपियाचं झ्यूसचं देऊळ संगमरवरी नाही, तिथल्याच शिंपल्या-शिंपल्यांच्या खडबडीत चुनखडीचं आहे, वरून पांढरा गिलावा. शिल्पं आणि छपराची कौलं मात्र संगमरवरी, आणि त्यावर रंग. भडक रंग. शुभ्र देवळं ही आपली पोस्टकार्डातली समजूत.

आणि निकोस हे आजच्या ग्रीसमधलं लाडाचं नाव आहे, म्हणजे शिवकाळातल्या कादंबरीत हिरोचं नाव 'बंटी' ठेवल्यासारखं.

दगडफूल

बंटी 😭😭

पितळी, मनापासून आभार. तीन महिने मी ते नाट्यगृहाचं वर्णन घोटत होते. असो. गेलं ते.

पण मग खायचे काय?

पितळी

सातूच्या पिठाचा गोळा, त्याला ग्रीकमध्ये 'माझा' म्हणतात. भाजलेल्या पिठात पाणी, असलं तर तेल किंवा मध घालून मळायचं, आपलं सातूचं पीठ खाल्लंय ना लहानपणी, जवळपास तेच. सोबत कांदा, लसूण, ऑलिव्ह, चीज, सुके अंजीर. वाइन पाणी घालून. मांस बहुतेकांच्या वाट्याला यायचं ते यज्ञाच्या बळीचं, सणासुदीला. लिंबू तेव्हा त्यांच्या स्वयंपाकात नाही. साखर नाही. मिरची तर अर्थातच नाही, म्हणजे कोल्हापूरकराने तिकडे जाऊ नये.

रंकाळा_४१६०१२

कोल्हापूरकर पोचलेत हो सगळीकडे 😀 उलट तेच इकडे आलेत. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात पोसायडनची, म्हणजे ग्रीक समुद्रदेवाची, छोटी ब्राँझची मूर्ती मिळाली, टाऊन हॉल म्युझियममध्ये आहे, शाळेच्या सहलीत बघितली होती आणि तेव्हा वाटलं होतं हा कोण दाढीवाला उघडा बुवा. तुमच्या गोष्टीनंतर काही शतकांनी रोमन व्यापारातून आलेली. आणि कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दान दिल्याचे लेख आहेत ते वेगळेच. यवन हा शब्दच आयोनियन वरून.

चिमटा

अवांतर सुरू झालं. आता कोणीतरी अलेक्झांडर आणेल आणि धागा दोनशे प्रतिसादांवर जाईल.

जुना_खलाशी

मी इतिहासवाला नाही, बत्तीस वर्षं मर्चंट नेव्हीत होतो, पिरिअसला, म्हणजे अथेन्सच्या बंदराला, किती वेळा गेलो मोजलं नाही. त्यामुळे समुद्राचं तेवढं बोलतो.

बाई, तुमचा माणूस जमिनीवरून का चाललाय? ग्रीसचा नकाशा समोर ठेवा. निम्मा पाणी आहे. पिरिअसच्या धक्क्यावर उभं राहिलं की एजिना बेट समोर दिसतं, पंचवीस-तीस किलोमीटर, आणि एजिनाच्या पलीकडे एपिडॉरसचा किनारा. दोन टप्प्यांत पेलोपोनीज, म्हणजे ऑलिंपिया आहे तो दक्षिणेचा भाग. मेगारा-कोरिंथचा रस्ता म्हणजे कड्याच्या कडेकडेने जाणारी वाट, तिथे स्कायरॉन नावाचा दरोडेखोर वाटसरूंना पाय धुवायला लावून लाथेने समुद्रात ढकलायचा अशी थीसियसची कथाच आहे.

भाड्याचं म्हणाल तर प्लेटोने एके ठिकाणी सॉक्रेटिसच्या तोंडी घातलंय, एजिनाहून अथेन्सला सुखरूप आणून पोचवायचे कप्तान दोन ओबोल घेतो. इजिप्त किंवा काळ्या समुद्रावरून बायकापोरं सामानासकट आणलं तरी जास्तीत जास्त दोन द्राख्मा. आणि पैसे घेऊन झाल्यावर तो कप्तान बापडा धक्क्यावर साधेपणाने फेऱ्या मारत असतो, कारण त्याला माहीत असतं की मी उतरवलेल्या लोकांचं मी भलं केलं की बुडवलं असतं तर बरं झालं असतं हे सांगता येत नाही. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून चहा करायला उठलो होतो. कुठल्याही बंदरातला कुठलाही कॅप्टन असाच असतो.

प्रवासी बोट असा प्रकार नव्हता. धक्क्यावर जायचं, कोण कुठे चाललंय विचारायचं, मालाच्या बोटीत डेकवर जागा मिळाली की पथारी टाकायची, खाणं आपलं आपण न्यायचं. आणि वाऱ्याची वाट बघायची. हे तुमच्या तुकड्यात अजिबातच नाही. एक मोठं चौकोनी शीड, वारा समोरून आला की जहाज जवळपास ठप्पच. उन्हाळ्यात एजिअनमध्ये उत्तरेचे वारे धरतात, त्यामुळे एजिनाला जाताना वारा पाठीवर, परत येताना नाकावर. म्हणजे परतीच्या प्रवासात दोन-तीन दिवस बंदरात नुसते माशा मारत बसलेले दाखवा, तेच खरं.

आपल्याकडे पावसाळ्यात होड्या ओढून शाकारतात ना आणि नारळी पौर्णिमेला दर्या उघडतो, तसं तिकडे हिवाळ्याचं. हेसिअड नावाचा जुना ग्रीक कवी सांगतो जहाज किनाऱ्यावर ओढा, सुकाणू काढून घरी चुलीच्या धुरावर टांगा. उन्हाळ्याच्या मध्यानंतरचे पन्नास दिवस बरे म्हणतो. आता गंमत अशी की हा सगळ्या जगाला दर्यावर्दीपणा शिकवणारा बुवा स्वतःच कबूल करतो की मी आयुष्यात एकदाच बोटीत बसलो, ऑलिसहून समोरच्या युबिया बेटावर. ती खाडी आहे हो. माझी आजी याहून जास्त बोटीत बसली होती, दाभोळ-वेलदूर.

पितळी

खलाशीकाका, साष्टांग. एक जोड देतो कारण ४१६ साली याला राजकीय कारणही आहे. ४२१ मध्ये अथेन्स-स्पार्टाचा तह झाला पण मेगाराने तो मान्यच केला नव्हता, तेव्हा अथेन्सकराने मेगारातून रमतगमत जाणं जरा अवघडच. त्याच तहाचं पहिलं कलम मात्र असं की सगळ्यांच्या सामाईक देवस्थानांना जमिनीवरून किंवा समुद्रावरून ज्याला जायचंय त्याने निर्धास्त जावं. शिवाय ऑलिंपियाचे दूत आधी गावोगाव फिरून पवित्र शांततेची घोषणा करून जायचे, ती काही लढाया थांबवायची नाही पण यात्रेकरूला हात लावायचा नाही एवढं पाळलं जायचं. एपिडॉरस स्पार्टाच्या गोटातलं, लोक नाकं मुरडतील, पण यात्रेकरू म्हणून जाऊ देतील.

आणि ताई, त्याच उन्हाळ्यात अथेन्सचं सैन्य मेलॉस बेटाला वेढा घालून बसलंय, हिवाळ्यात शहर पडतं, पुरुष मारतात, बायका-मुलं विकतात. पिरिअसच्या धक्क्यावर त्याची कुजबुज नसेल असं होणारच नाही.

ओसरी

मी तीन वेळा वारी केलीये आणि दोन वर्षांपूर्वी ऑलिंपियाला गेले होते (बसने, ऐन उन्हात, डोकं भणभणलं). त्यामुळे माझा आक्षेप 'चौथ्या दिवशी' ला.

आळंदी-पंढरपूर अडीचशेच्या आसपास किलोमीटर, पोचायला अठरा-वीस दिवस, अर्थात पालखीच्या चालीने. अथेन्स-ऑलिंपिया आजच्या रस्त्याने तीनशेच्या वर आहे आणि मध्ये आर्केडियाचे डोंगर. सॉक्रेटिसचा शिष्य झेनोफन, त्याने एक किस्सा दिलाय, एक जण ऑलिंपियापर्यंत चालायला घाबरत होता, तर सॉक्रेटिस त्याला म्हणतो अरे घरी दिवसभर चालतोसच की तू, जेवणाआधी चालतोस, जेवणानंतर चालतोस, पाच-सहा दिवसांचं ते सगळं चालणं सलग लावलंस की आलंच ऑलिंपिया. पाच-सहा दिवस! रोज पन्नास-साठ किलोमीटर! सॉक्रेटिसला काय जातंय म्हणायला, तो अथेन्सबाहेर पडायचाच नाही फारसा. माझ्या मते सामानासकट दहा दिवस धरा.

पण त्याच्या लगेच खालचा किस्सा आहे ना, तो तुमच्यासाठी आहे. दुसरा एक जण म्हणतो लांबच्या प्रवासाने पार गळून गेलो. सॉक्रेटिस विचारतो, ओझं होतं का? नाही हो, फक्त अंगावरचा झगा. एकटाच होतास? नाही, गुलाम होता बरोबर. तो रिकाम्या हाताने? छे, अंथरूण-पांघरूण आणि बाकी सगळं सामान त्याच्याकडे. मग त्याचं काय झालं प्रवासात? माझ्यापेक्षा बरा होता. आणि त्याचं ओझं तुला उचलावं लागलं असतं तर? मेलोच असतो.

आता तुमचा तुकडा परत वाचा. 'मागून त्याचा नोकर सामान घेऊन येत होता.' बास, एवढंच. त्यानंतर तो माणूस गायबच झाला. मला निकोसमध्ये काडीचा रस नाही, मला तो मागचा माणूस बघायचाय.

चिमटा

+१. पहिल्यांदाच या धाग्यावर काही टोचावंसं वाटलं नाही. तब्येत बरी नसेल.

दगडफूल

ओसरी, तुमचा प्रतिसाद वाचून लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. चार प्रकरणं लिहून झालीयेत आणि चारही प्रकरणांत त्याला नावसुद्धा दिलेलं नाहीये. नोकर, नोकर, नोकर. तो नोकर नाहीचे ना, गुलाम आहे, तोही शब्द मी टाळत होते.

नाव काय ठेवू?

पितळी

मानेस. फ्रिजियातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातून आलेल्या गुलामाचं अगदी नेहमीचं नाव. मालकाने ठेवलेलं, आपल्याकडे जसं कामवालीला 'बाई' म्हणतात आणि खरं नाव कधी विचारतच नाहीत तसं. मालकाला मुद्दाम बिननावाचा ठेवा, नुसता 'मालक'. उट्टं निघेल.

दगडफूल

मालक बिननावाचा! हे फार आवडलं. घेतलं.

अजून एक अडलंय. आर्गोस, आर्केडियातली माणसं वेगळी बोली बोलणार ना? ती मराठीत कशी आणू? मालवणी वापरू का?

रंकाळा_४१६०१२

झालं. म्हणजे अथेन्सवाला प्रमाण मराठीत बोलणार आणि आडगावचा माणूस आला की मालवणी नाहीतर कोल्हापुरी. आमच्या भाषा काय विनोदापुरत्या आहेत का? कुठल्याही अनुवादात हेच, राजा पुण्याचा आणि हमाल आमच्याकडचा.

चिमटा

राजा पुण्याचा असता तर दुपारी एक ते चार राजवाडा बंद असता.

पितळी

रंकाळा, मुद्दा शंभर टक्के रास्त, पण हा आजार जुना आहे. ॲरिस्टोफेनिसने ४२५ मध्ये तेच केलं, उपाशी मेगाराकर बाजारात आपल्या दोन मुली डुकराची पिल्लं म्हणून विकायला आणतो आणि तो अस्सल मेगाराच्या बोलीत बोलतो. अथेन्सकर पोट धरून हसले असणार. त्याची उपासमार अथेन्सच्याच नाकेबंदीमुळे होती हे विशेष.

ताई, बोली बदलू नका, एखादा आवाज बदला. अथेन्सकर आईला 'मेतेर' म्हणतो, डोरिकवाला, म्हणजे आर्गोसकडच्या बोलीचा, 'मातेर'. म्हणजे आपल्या मातृच्या जवळचा तो. एवढ्या एका शब्दावर सीन उभा राहील. मानेसला दोन्ही परकेच, त्याला कोण शुद्ध कोण अशुद्ध याने काय फरक पडतो.

घडवंची

मी उशिरा आले. मी मातीकाम करते, स्वतःची छोटी भट्टी आहे. ग्रीक मातीकामाबद्दल दोन शब्द, कारण तुमचा माणूस कुंभारवाड्यातला आहे आणि अजूनपर्यंत कोणी त्याच्या हातातलं गाठोडं उघडूनच बघितलं नाहीये.

ती काळी-लाल भांडी आहेत ना, त्यात काळा रंग वेगळा नसतो. तीच माती, फक्त खूप गाळून बारीक केलेली, तिचा लेप. भट्टी तीन टप्प्यांत लावतात, आधी मोकळी हवा, सगळं लाल. मग झरोके बंद करून ओला पाला-लाकूड घालायचं, धूर कोंडायचा, सगळं काळं. मग परत हवा सोडायची, तेव्हा भांड्याचं अंग पुन्हा लाल होतं पण लेप मात्र काळाच राहतो कारण तो काचेसारखा बंद झालेला असतो. मी हे तीन वर्षं करून बघतेय, अजून निम्मा घाणा वाया जातो. म्हणजे सांगायचं काय, मानेस निव्वळ हमाल नाही, त्याला यातलं सगळं येत असणार, भट्टीसमोर घाम त्याने गाळलाय आणि सही मालकाच्या नावची. प्रवासात भांडी गवतात गुंडाळून नेत असणार, प्रत्येक मुक्कामाला तो एकेक काढून टिचकी मारून आवाज ऐकणार. तडा गेलेलं भांडं वेगळं वाजतं.

आता खरी गोष्ट. एपिडॉरसला अस्क्लेपिअसचं, आजार बरे करणाऱ्या देवाचं, देऊळ आहे, लोक तिथे झोपायला जायचे, स्वप्नात देव येऊन बरं करतो म्हणून. बऱ्या झालेल्यांच्या कथा दगडावर कोरून ठेवल्यात, कोरीव लेख तुमच्या काळानंतरचे पण कथा आधीपासून फिरत असणार. त्यातली एक मला पाठ आहे. एक सामान वाहणारा मुलगा देवळाकडे चाललेला, दहा स्टेडिया अलीकडे, म्हणजे पावणेदोन किलोमीटरवर, धडपडला. गाठोडं उघडून बघतो तर मालकाचा रोजचा पिण्याचा कप फुटलेला. तो तिथेच बसून तुकडे एकमेकांना लावत बसला. एक वाटसरू म्हणाला, अरे वेड्या, उगाच काय जुळवतोयस, हा तर एपिडॉरसचा अस्क्लेपिअससुद्धा सांधू शकणार नाही. पोराने तुकडे पिशवीत घातले, देवळात गेला, पिशवी उघडली तर कप अखंड. मालकाला सांगितलं, मालकाने तो कप देवाला वाहिला.

त्या सगळ्या आंधळ्या-पांगळ्यांच्या कथांमध्ये ही एकच कपाची.

ओसरी

अंगावर काटा आला. आणि वाट तीच आहे, खलाशीकाकांनी सांगितलेली! एजिनाहून उतरून एपिडॉरसवरून जायचं म्हणजे तो देवळाच्या वाटेनेच जाणार.

जुना_खलाशी

चमत्कार दाखवणार का पण कादंबरीत? मला नाही पटत.

घडवंची

काका, मानेस कुंभार आहे हो. गाठोड्यात विकायला नेलेले तीस-चाळीस कप आहेत. तुमच्याआमच्यासारख्याला चमत्कार, त्याला फक्त सारखा दिसणारा दुसरा कप शोधायचाय.

चिमटा

ओह.

ओह!!

पितळी

हे अडीच हजार वर्षांत ज्या कोणाला सुचलं नाही त्या सगळ्यांच्या वतीने घडवंचीताईंना साष्टांग नमस्कार.

दगडफूल

काल रात्री दोनपर्यंत बसले. कच्चं आहे, तरी देतेय.

"दोन ओबोल कप्तानाला देऊन झाले, दोन उरले. ते मानेसच्या गालात होते, चांदीची चव एव्हाना त्याच्या थुंकीचीच झाली होती. मालक पुढे निघून गेला होता, काठी आणि टोपी घेऊन, उतारावर त्याचं गाणं ऐकू येत होतं. वाटेत ऑलिव्हचं मूळ होतं. मानेस आधी गुडघ्यावर आला आणि मग गाठोडं आलं.

त्याने उघडायच्या आधीच ऐकलं होतं. चाळीस कपांत कुठला गेला तेही आवाजावरून कळलं, वरचा, कापडात वेगळा बांधलेला, मालकाचा.

तुकडे सात होते. तो बसून जुळवू लागला, जुळत होते, नुसतं धरून ठेवलं तर कपच होता. शेजारून जाणारा कोणी हसला. म्हणाला, सोड रे पोरा, हा अस्क्लेपिअसच्या बापाच्यानेही नाही व्हायचा.

मानेसने गवत बाजूला केलं. एकेक कप उन्हात धरला. काठाची जाडी, बुडाचं कडं, कान जिथे चिकटतो तिथला अंगठ्याचा दाब. तेराव्या कपावर थांबला. एकाच दिवशी, एकाच चाकावर, एकाच हाताने केलेले दोन. हात त्याचाच होता.

रात्री देवळाच्या ओसरीत मालकाने कप पुढे केला, पाण्यात वाइन ओतली, प्यायला. मग कप उलटा करून बूड बघितलं. बराच वेळ बघितलं. रोजच्या कपाच्या बुडाला एक ओरखडा होता.

'कुठे गेला रे?' मालक म्हणाला.

'फुटला होता,' मानेस म्हणाला. 'देवाने जोडला.'"

ओसरी

दगडफूल... काय लिहिलंय. ते 'मग गाठोडं आलं' तिथे माझा खांदा दुखला.

घडवंची

अंगठ्याचा दाब!! माझे डोळे भरून आले खरंच. फक्त 'पाण्यात वाइन ओतली' बद्दल पितळी काही बोलतील म्हणून थांबलेय.

पितळी

नाही बोलत, बरोबर आहे, मिसळत होते एवढं पुरे.

पुढच्या प्रकरणासाठी मसाला देऊन ठेवतो. ऑलिंपियाला पोचल्यावर सुख वाटेल असं काही लिहू नका. भर उन्हाळा, पाणी कमी, हजारो माणसं उघड्यावर, माशा इतक्या की 'माशा हाकलणारा झ्यूस' असा वेगळा देवच होता आणि त्याला बळी द्यायचे. कारंजं आणि पाण्याची धड सोय पुढे साडेपाचशेहून जास्त वर्षांनी हेरोडीस ॲटिकस नावाच्या धनिकाने केली. एका किऑसच्या मालकाची गोष्ट आहे, गुलामावर चिडला तेव्हा म्हणाला, तुला जात्यावर जुंपत नाही, तुला ऑलिंपियाला नेतो! ती शिक्षा होती. मानेसने ही गोष्ट ऐकलेली असेल तर मजा येईल.

आणि अल्सिबायडीसचा थाट. सात रथ, पहिला, दुसरा आणि चौथा क्रमांक. एफिससने तंबू दिला, किऑसने घोड्यांचा चारा, सिझिकसने बळीची जनावरं, लेस्बॉसने वाइन. शिवाय अथेन्सच्या सरकारी मिरवणुकीची सोन्याची भांडी घेऊन स्वतःचीच असल्यासारखी मिरवली, असा आरोप त्याच्यावर आहे. सोन्याची भांडी बघत मातीचे एकोणचाळीस कप घेऊन उभा असलेला मानेस.

जुना_खलाशी

अडतीस. एक फुटला आणि एक मालकाकडे गेला.

घडवंची

एकोणचाळीसच काका. मालकाचा चाळीसातलाच धरलाय वर, 'चाळीस कपांत कुठला गेला' असं आहे. म्हणजे एकोणचाळीस राहिले, त्यातला एक मालक वापरतोय, विकायला अडतीस. दोघंही बरोबर.

चिमटा

जीएसटीसकट सांगा.

रंकाळा_४१६०१२

मला एक विचारायचंय. हा पळून का नाही जात? वाट मोकळी आहे, मालक पुढे गाणी म्हणत चाललाय.

पितळी

कुठे जाणार? एपिडॉरसमध्ये पकडला तरी गुलामच, फक्त मालक बदलणार. पण प्रश्न चांगलाय. तीन वर्षांनी, ४१३ मध्ये स्पार्टाने अथेन्सपासून जवळच डेकेलियाला कायमचा तळ ठोकला तेव्हा वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, त्या काळचा इतिहासकार थ्युसिडिडीस याने आकडा दिलाय, आणि तो मुद्दाम सांगतो की त्यात मोठा भाग हातकारागिरांचा.

दगडफूल

हातकारागीर.

थांबा, म्हणजे ही कादंबरी ऑलिंपियाला संपतच नाही.

ओसरी

पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)! पुभाप्र!! आणि आता चारही प्रकरणं परत लिहा, सुट्टी नाही.

चिमटा

सगळं छान झालं म्हणून शेवटी माझं कर्तव्य करतो. गालात दोन ओबोल असताना 'देवाने जोडला' हे इतकं स्पष्ट कसं काय बोलला?

दगडफूल

...

तो आधी नाणी हातावर काढतो. मालक ती बघतो. दोनच उरलीयेत का विचारतो. अरे देवा, हा तर पूर्ण वेगळाच सीन झाला, बसते परत.